पदवीच्या वर्षांतील संशोधन: रसायनशास्त्र आणि जीवरसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

प्रॅक्टिकलच्या तासाला जे उत्तर काढायचे असते ते शिक्षकांना आधीच ठाऊक असते. अनुमापनात ब्यूरेटचे वाचन ९.८ मिलिलिटर येणे अपेक्षित असताना आपले १०.६ आले, तर चूक आपलीच आहे हे गृहीत धरून पुढचे बोलणे होते. संशोधनाच्या प्रयोगशाळेत नेमका हाच आधार नाहीसा होतो. १०.६ हे वाचन चुकले आहे, की आपण इतके दिवस जे मानत होतो तेच चुकले आहे, हे सांगणारे तिथे कोणी नसते. ते ठरवण्यासाठी पुढचा प्रयोग स्वतःच आखावा लागतो. पदवीच्या वर्षांत संशोधन करण्याचा खरा उपयोग हा बदल अनुभवण्यात आहे, आणि म्हणून संधी शोधताना संस्थेच्या मोठ्या नावापेक्षा दोन गोष्टींना अधिक वजन द्यावे असे माझे मत आहे: ज्यावर काम करायचे तो प्रश्न, आणि रोज शेजारी उभे राहून शिकवणारी व्यक्ती.

या दोन्ही गोष्टी एकत्र लाभल्या म्हणजे काय होऊ शकते, याचे एक जुने उदाहरण आहे. अमेरिकेतील ओबरलिन कॉलेजात शिकणाऱ्या चार्ल्स मार्टिन हॉल याच्यासमोर त्याचे प्राध्यापक फ्रँक जुएट यांनी ॲल्युमिनियम स्वस्तात मिळवण्याचा प्रश्न मांडला, आणि पुढे त्याला साहित्य व उपकरणेही पुरवली. हॉलने १८८५ मध्ये पदवी घेतली आणि २३ फेब्रुवारी १८८६ रोजी, वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये ॲल्युमिना विरघळवून त्यातून वीजप्रवाह सोडून, धातूचे लहान गोळे मिळवले. त्या काळी अशी संधी एखाद्या प्राध्यापकाच्या मर्जीवर अवलंबून होती. तिला संस्थेची चौकट मिळाली ती बरीच नंतर: मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये मार्गारेट मॅक्व्हिकर यांनी १९६९ मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी संशोधनाचा स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला, आणि १९८७ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने पदवीपूर्व संशोधनासाठी आजचा देशव्यापी अनुदान कार्यक्रम सुरू केला.

आधी वेळेचा हिशेब

पुष्कळ विद्यार्थी गुणांची आणि ज्ञानाची चिंता करतात. अडचण मात्र बहुधा वेळेची असते. रोज एक तास मोकळा असणे आणि आठवड्यातून दोन सलग दुपारी मोकळ्या असणे यांत एकूण तास सारखे भरले, तरी प्रयोगशाळेच्या दृष्टीने पहिल्याचा जवळजवळ काहीच उपयोग नसतो. सिलिकाचा कॉलम भरून, मिश्रण चढवून, नळ्या गोळा करून, टीएलसीवर (पातळ थराच्या वर्णलेखनावर) तपासून आणि विद्रावक उडवून होईपर्यंत सहज चार तास जातात, आणि तो मध्येच सोडून व्याख्यानाला जाता येत नाही. जीवरसायनशास्त्राचे वेळापत्रक आणखी हट्टी असते, कारण ते जिवाणूंच्या वाढीवर चालते. आज संध्याकाळी लावलेले कल्चर उद्या सकाळी तयार असते आणि ते आपल्या परीक्षेसाठी थांबत नाही. म्हणून कोणालाही पत्र लिहिण्यापूर्वी आठवड्याचे वेळापत्रक समोर घेऊन सलग चार तासांचे किती तुकडे निघतात ते मोजावे. सत्राच्या काळात असे दोन तुकडे निघत नसतील, तर सुट्टीतील पूर्णवेळ काम हाच योग्य मार्ग समजावा.

साधारणपणे दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर सुरुवात करणे सोयीचे ठरते, कारण तोवर सेंद्रिय रसायनाची आणि वर्णपटशास्त्राची तोंडओळख झालेली असते आणि पुढे किमान वर्षभराचा काळ हाती असतो. विषयाचे फार ज्ञान असावे अशी अपेक्षा नसते. एक गोष्ट मात्र पक्की हवी, ती म्हणजे द्रावणांचा हिशेब. १ मोलर साठ्यातून १० मिलिमोलरचे ५० मिलिलिटर द्रावण करण्यासाठी अर्धा मिलिलिटर साठा लागतो, हे कागदाशिवाय सांगता यायला हवे. मायक्रो आणि मिली यांची गफलत झाली तर चूक हजारपटीची होते, आणि नवख्या विद्यार्थ्याचे पहिले महिने वाया जाण्याचे कारण शोधले तर ते फार वेळा इथेच सापडते.

संधी कुठे असतात

सर्वांत जवळची संधी आपल्याच विभागात असते आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. जे प्राध्यापक आपल्याला शिकवतात त्यांनी गेल्या पाच वर्षांत काय प्रसिद्ध केले, हे बहुतेक विद्यार्थ्यांनी कधी पाहिलेले नसते. लहान विभागात उपकरणे कमी असतील, पण तिथे प्राध्यापक स्वतः बाकापाशी उभे राहतात, आणि सुरुवातीला त्याचे मोल एखाद्या महागड्या वर्णपटमापकापेक्षा अधिक असते.

दुसरा मार्ग सुट्टीतील स्पर्धात्मक कार्यक्रमांचा. भारतात इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस, इंडियन नॅशनल सायन्स अकॅडमी आणि नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेस या तीन विज्ञान अकादमी मिळून दोन महिन्यांची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देत आल्या आहेत. कॅनडात मायटॅक्स या संस्थेची ग्लोबलिंक ही बारा आठवड्यांची योजना ठरावीक देशांतील विद्यार्थ्यांसाठी आहे. जर्मनीच्या डीएएडी संस्थेच्या राइज योजनेत पदवीचा विद्यार्थी पीएचडी करणाऱ्या एका संशोधकाशी थेट जोडला जातो. ती उत्तर अमेरिका, ब्रिटन आणि आयर्लंड येथील विद्यार्थ्यांसाठी आखलेली आहे. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या योजनेतील वेतन त्या देशाच्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांनाच मिळते. अर्ज भरण्यात आठवडा घालवण्यापूर्वी पात्रतेची ओळ वाचणे किती आवश्यक आहे, हे यावरून ध्यानात यावे. उत्तर गोलार्धातील उन्हाळी जागांचे अर्ज बहुधा हिवाळ्यातच बंद होतात. म्हणून शिफारसपत्रासाठी शिक्षकांना किमान तीन आठवडे आधी विचारावे आणि सोबत आपल्या कामाचे अर्धे पान लिहून द्यावे.

तिसरा मार्ग उद्योगातील प्रयोगशाळांचा. तिथे प्रमाणित कार्यपद्धती, उपकरणांची पडताळणी आणि नोंदींची शिस्त उत्तम शिकायला मिळते, परंतु निष्कर्ष गोपनीय राहत असल्याने पुढे त्यावर पोस्टर मांडता येईलच असे नाही.

एक सावधगिरीची सूचना इथेच दिलेली बरी. संशोधनाचा अनुभव देण्यासाठी विद्यार्थ्याकडूनच मोठी रक्कम मागणारे, आणि पंधरा दिवसांत प्रमाणपत्रासह शोधनिबंधाची हमी देणारे अनेक जण असतात. प्रथिनाची एक खेप शुद्ध करायलाच आठवडा जातो. मग पंधरा दिवसांत कोणता निबंध तयार होतो, हे ज्याने त्याने ताडावे.

प्रयोगशाळा कशी वाचावी

चार-पाच गटांची नावे हाती आली की प्रत्येकाचा अलीकडचा एक लेख निवडावा आणि तो शेवटून सुरू करावा. लेखासोबतचा पूरक मजकूर बहुतेक विद्यार्थी उघडतही नाहीत. वास्तविक आपले पुढचे आयुष्य त्यातच जाणार असते. संश्लेषण करणाऱ्या गटाचा पूरक मजकूर पाहिला तर कोणत्या अभिक्रिया नायट्रोजनखाली केल्या जातात, संयुगे किती मिलिग्रॅमच्या प्रमाणात बनतात, रेणूची रचना दाखवणारे एनएमआर वर्णपट किती स्वच्छ आहेत, हे दिसते. जीवरसायनाच्या गटाच्या पूरक मजकुरात जेलची न कापलेली पूर्ण चित्रे दिलेली असतील, तर तो त्या गटाच्या प्रामाणिकपणाचा एक चांगला पुरावा मानावा.

त्यानंतर लेखकांची यादी पाहावी. रसायनशास्त्रात पहिले नाव साधारणतः बाकावर काम केलेल्या व्यक्तीचे असते आणि पत्रव्यवहाराची खूण गटप्रमुखाच्या नावापुढे असते. जुन्या लेखांतील नावे गटाच्या आजी-माजी सदस्यांच्या यादीशी ताडून पाहिली, तर तिथे पदवीच्या विद्यार्थ्यांना केवळ काचेची भांडी धुवायला ठेवतात की त्यांच्या कामाची दखल घेतात, हे बऱ्याच अंशी कळते.

लेखाचा सारांश पाठ करण्यापेक्षा त्यात न सुटलेला एक प्रश्न शोधावा. समजा, लेखात असे म्हटले आहे की एका विकराच्या सक्रिय स्थानातील ग्लुटामेटच्या जागी ग्लुटामीन घातल्यावर अभिक्रियेचा वेग जवळजवळ शून्यावर आला, म्हणून तो ग्लुटामेट उत्प्रेरणासाठी अत्यावश्यक आहे. इथे सजग वाचकाला शंका यायला हवी: त्या बदलाने प्रथिनाची घडीच बिघडली असेल, तर वेग तसाही शून्यावर आला असता. मूळ आणि बदललेल्या प्रथिनांचे सीडी (सर्क्युलर डायक्रोइझम, म्हणजे प्रथिनाची घडी दाखवणारे) वर्णपट जुळतात का, हे तपासले होते का? अशी एक शंका मनात तयार झाली, म्हणजे पत्र लिहिण्याची वेळ झाली असे समजावे.

पत्र आणि भेट

प्राध्यापकांना येणारी बहुतेक पत्रे एकाच साच्याची असतात: आपल्या थोर कार्याने प्रभावित झालो, मी कष्टाळू आहे, संधी द्यावी. नाव बदलून तेच पत्र चाळीस जणांना गेले आहे हे वाचणाऱ्याला पहिल्या ओळीतच कळते. त्याऐवजी पत्र दीडशे शब्दांच्या आत ठेवावे आणि त्यात चार गोष्टी याव्यात: आपण कोण, त्यांचे कोणते काम वाचले आणि त्यात नेमके काय खटकले किंवा आवडले, आठवड्यातून कोणते तास देऊ शकतो आणि किती महिने, आणि वीस मिनिटांची भेट मिळेल का. मधला भाग साधारण असा असावा: “आपल्या गटाच्या अलीकडील लेखातील ग्लुटामेट ते ग्लुटामीन या बदलाविषयी वाचले. वेग कमी होण्यामागे घडी बिघडणे हे कारण नाही, हे सीडीने तपासले गेले होते का, असा प्रश्न पडला. वर्गात आम्ही सीडीविषयी शिकलो आहोत, पण स्वतः मोजणी केलेली नाही.” शेवटच्या वाक्यातील कबुली मुद्दाम ठेवावी. जे येत नाही ते येते म्हणून सांगितले, तर पहिल्याच आठवड्यात उघडे पडते.

दहा दिवसांत उत्तर आले नाही तर एकदा नम्रपणे आठवण करावी, आणि तरीही मौन राहिले तर पुढच्या नावाकडे वळावे. न आलेल्या उत्तराचे कारण बहुधा जागेचा, निधीचा किंवा शिकवायला मोकळ्या माणसाचा अभाव हे असते.

भेटीत आपली परीक्षा होणार असते तशी आपणही त्या जागेची परीक्षा घ्यावी. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा: मला रोज कोण शिकवेल? गटप्रमुख आठवड्यातून एकदा भेटतील. पिपेट कशी धरायची, विद्रावक कोणता घ्यायचा, प्रयोग फसला तर काय पाहायचे हे सांगणारी व्यक्ती बहुतेक वेळा पीएचडी करणारी किंवा पोस्टडॉक असते. ती व्यक्ती पुढील वर्षभर तिथे असणार आहे का, तिच्याकडे आधीच किती विद्यार्थी आहेत, आणि शक्य असल्यास तिच्याशी दहा मिनिटे स्वतंत्र बोलता येईल का, हे निःसंकोच विचारावे. विख्यात गटात दुर्लक्षित राहण्यापेक्षा मध्यम गटात चांगला शिकवणारा मिळणे कितीतरी अधिक भाग्याचे आहे. मानधन मिळणार, श्रेयांक मिळणार की दोन्ही नाही, हेही याच भेटीत स्पष्ट करून घ्यावे.

पहिला प्रकल्प

चांगल्या पहिल्या प्रकल्पाची ओळख अशी, की त्याचा निम्मा भाग चालणारच याची गटाला खात्री असते आणि उरलेल्या निम्म्याविषयी कोणालाच काही माहीत नसते. संश्लेषणात याचे नमुनेदार रूप म्हणजे गटाने आधीच बसवलेली अभिक्रिया नव्या सुरुवातीच्या संयुगांवर करून पाहणे. जी युग्मन अभिक्रिया साध्या ब्रोमोबेन्झीनवर ८५ टक्के उत्पादन देते, ती वलयावर नायट्रो गट असताना किती देते, पिरिडीनचे वलय असताना उत्प्रेरक पॅलेडियम त्याला अडकून पडतो का, हे एकेक करून तपासता येते. प्रत्येक संयुगाबरोबर टीएलसी, कॉलम, रोटरी इव्हॅपोरेटर आणि एनएमआर यांची एक फेरी पूर्ण होते, आणि अशा पाच फेऱ्या झाल्या की हात बसतो.

जीवरसायनातील समांतर काम म्हणजे एखाद्या प्रथिनातील एक अमिनो आम्ल बदलून त्याचा परिणाम मोजणे. त्याचा आठवडा असा जातो: प्लास्मिड जिवाणूत घालणे, दुसऱ्या दिवशी वसाहत उचलून लहान कल्चर लावणे, तिसऱ्या दिवशी मोठ्या कल्चरची ६०० नॅनोमीटरवरील घनता ०.६ च्या आसपास आली की आयपीटीजी घालून प्रथिननिर्मिती सुरू करणे, मग पेशी फोडून निकेलच्या कॉलमवर हिस्टिडीनची शेपटी असलेले प्रथिन पकडणे, इमिडाझोलने ते सोडवणे आणि जेलवर पाहणे. त्यानंतर गतिकी. इथे दोन नियम सुरुवातीपासून पाळावेत: वेग मोजायचा तो पहिल्या सुमारे दहा टक्के क्रियाधार (विकर ज्यावर काम करतो तो पदार्थ) संपेपर्यंतचाच, आणि क्रियाधाराच्या संहती मिकेलिस स्थिरांकाच्या (ज्या संहतीला वेग कमाल वेगाच्या निम्मा होतो तिच्या) खाली आणि वर दोन्हीकडे पसराव्यात, साधारण एक पंचमांशापासून पाचपटीपर्यंत. सगळे बिंदू एकाच बाजूला पडले तर संगणक स्थिरांकाचा आकडा देतो, पण त्या आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही.

ज्यांना प्रयोगशाळेत सलग वेळ देता येत नाही त्यांच्यासाठी संगणकीय काम हा खरा पर्याय आहे. प्रोटीन डेटा बँक हा प्रथिनांच्या त्रिमितीय संरचनांचा संग्रह; ती १९७१ मध्ये अवघ्या सात संरचनांनिशी सुरू झाली. आज ती सर्वांना विनामूल्य खुली आहे, आणि २०२१ पासून अल्फाफोल्ड या संगणकीय प्रणालीने वर्तवलेल्या संरचनाही उपलब्ध आहेत. मात्र डॉकिंगचा (संगणकावर रेणू प्रथिनात बसवून पाहण्याचा) गुणांक छापून “हे औषध होऊ शकते” असे लिहिणे म्हणजे संशोधन होत नाही. निदान स्फटिक संरचनेतील मूळ रेणू काढून तो पुन्हा बसवून पाहावा. तो आपल्या जागेपासून दोन अँगस्ट्रॉमच्या आत येत नसेल, तर त्या मांडणीतील नव्या रेणूंविषयी काहीही बोलू नये.

सुरक्षितता

या भागावर घाई करणारा मार्गदर्शक भेटला, तर ती धोक्याची खूण समजावी. ऑगस्ट १९९६ मध्ये डार्टमथ कॉलेजच्या रसायनशास्त्रज्ञ कॅरेन वेटरहान यांच्या लेटेक्सच्या हातमोज्यावर डायमिथाइल मर्क्युरीचे काही थेंब पडले. त्या फ्यूम हूडमध्ये, हातमोजे घालून, तेव्हाच्या नियमांप्रमाणेच काम करत होत्या. तो द्रव लेटेक्समधून काही सेकंदांतच आरपार जातो हे नंतरच्या चाचणीत दिसले; जून १९९७ मध्ये पाऱ्याच्या विषबाधेने त्यांचे निधन झाले. यावरून ध्यानात ठेवायचे ते हे, की हातमोजा प्रत्येक वेळी विशिष्ट रसायनासाठी निवडायचा असतो. रोजच्या वापरातील पातळ नायट्राइल हातमोज्यातून डायक्लोरोमिथेन काही मिनिटांच्या आत पलीकडे जाते; ते सांडले तर मोजा ताबडतोब उतरवावा, पुसून काम पुढे चालू ठेवू नये.

प्रत्येक नव्या रसायनाचे सुरक्षापत्रक वाचावे. जागतिक पद्धतीनुसार त्याचे सोळा विभाग असतात. सर्व वाचायला वेळ नसला तरी धोक्यांची ओळख, प्रथमोपचार, हाताळणी व साठवण, आणि स्थिरता व अभिक्रियाशीलता हे विभाग वगळू नयेत. सोडियम ॲझाइड हे याचे बोधप्रद उदाहरण आहे, कारण ते दोन्ही शाखांत आढळते. रसायनशास्त्रज्ञ ते अभिक्रियेत वापरतो, तर जीवरसायनशास्त्रज्ञ बफर टिकावे म्हणून त्यात चिमूटभर घालतो आणि विसरून जातो. आम्लाशी गाठ पडली तर त्यातून विषारी आणि स्फोटक हायड्रॅझोइक आम्ल निघते. डायक्लोरोमिथेनबरोबर ते स्फोटक संयुग बनवू शकते. आणि सिंकमध्ये ओतत राहिले तर तांब्या-शिशाच्या नळांत स्फोटक ॲझाइड साचतात. शिवाय ते पट्टी उमटवणाऱ्या पेरॉक्सिडेज विकराला रोखते, त्यामुळे वेस्टर्न ब्लॉटच्या (प्रतिपिंडांनी प्रथिन ओळखण्याच्या पद्धतीच्या) बफरमध्ये राहून गेले तर पट्टीच उमटत नाही आणि विद्यार्थी आठवडाभर प्रतिपिंडाला दोष देत बसतो.

ॲक्रिलामाइडची पूड आणि न जमलेले द्रावण चेतासंस्थेला घातक असतात. बंद खोलीत द्रव नायट्रोजन सांडला तर तो हवेतील ऑक्सिजन हटवतो. नायट्रिक आम्लाच्या टाकाऊ बाटलीत ॲसिटोन किंवा अन्य सेंद्रिय विद्रावक कधीही ओतू नये. आणि एकटे असताना नवा प्रयोग लावू नये, मग निकालाची कितीही निकड असो.

प्रयोगवही

प्रयोगवहीची कसोटी एकच आहे: आपल्याला कधीही न भेटलेली व्यक्ती, केवळ ते पान वाचून, तोच प्रयोग पुन्हा करू शकली पाहिजे. त्यासाठी तारीख, प्रयोगाचा उद्देश एका वाक्यात, अभिक्रियाकारकांचे वजन आणि मोल, बाटलीचा उत्पादक आणि खेपेचा क्रमांक, तापमान, वेळ, आणि डोळ्यांना जे दिसले ते सर्व लिहावे. “रंग बदलला” हे निरुपयोगी आहे. “४० मिनिटांनी पिवळ्याचा तपकिरी झाला आणि तळाशी काळा गाळ बसला” यातून पॅलेडियम वेगळा पडला असावा हे सहा महिन्यांनीही ओळखता येते. वजन १५०.० मिलिग्रॅम हवे होते आणि १५२.३ घेतले गेले, तर १५२.३ च लिहावे. नोंद काम चालू असतानाच करावी, टिश्यूच्या तुकड्यावर लिहून रात्री उतरवू नये. चूक एका रेषेने खोडावी, पान फाडू नये.

प्रयोग फसतो तेव्हा

प्रयोग बहुतेक वेळा फसतो. प्रश्न इतकाच उरतो, की फसलेल्या प्रयोगातून काही कळले का, आणि याचे उत्तर सोबत कोणते नियंत्रक नमुने लावले होते यावर अवलंबून असते. डीएनएच्या प्रती वाढवणाऱ्या पीसीआरमध्ये साचा डीएनए न घातलेली एक नळी लावली असेल आणि तिच्यातही पट्टी उमटली, तर अभिकर्मकांत दूषण आहे हे त्याच संध्याकाळी कळते. ती नळी वाचवली, तर खोट्या पट्टीच्या मागे महिना जातो. विकराच्या मोजणीत विकराविना एक नमुना आणि क्रियाधाराविना एक नमुना हवाच. ब्रॅडफर्ड पद्धतीत ५९५ नॅनोमीटरवर प्रथिन मोजताना प्रमाणित वक्राचे नमुने त्याच बफरमध्ये बनवावेत, कारण एसडीएससारखी डिटर्जंट त्या रंगात ढवळाढवळ करतात.

संश्लेषणातील सर्वांत उपयुक्त शंका उत्पादनाच्या आकड्यावर घ्यावी. १०४ टक्के उत्पादन मिळाल्याचा आनंद मानण्याआधी एनएमआर वर्णपटात ४.१२, २.०५ आणि १.२६ पीपीएम या जागा पाहाव्यात. तिथे शिखरे असतील, तर ड्यूटेरेटेड क्लोरोफॉर्ममधील तो एथिल ॲसिटेट आहे आणि आपण विद्रावकाचेच वजन केले आहे. ७.२६ वरचे शिखर क्लोरोफॉर्मचे स्वतःचे असते, ते आपल्या संयुगाच्या खात्यात धरू नये.

एकाच नळीतून घेतलेली तीन वाचने म्हणजे तीन प्रयोग होत नाहीत. त्यांवरून पिपेट आणि उपकरण किती स्थिर आहेत एवढेच कळते. वेगळ्या दिवशी, वेगळ्या कल्चरपासून किंवा नव्याने वजन केलेल्या संयुगापासून केलेल्या पुनरावृत्तीच मोजणीत धराव्यात. आणि एखादे वाचन इतरांपासून फार दूर पडले, तर ते वगळण्याचा नियम निकाल पाहण्यापूर्वी ठरलेला असावा. नको असलेला बिंदू शांतपणे गाळणे हे पहिल्यांदा करताना फार क्षुल्लक वाटते, आणि म्हणूनच मार्गदर्शकाला त्याच दिवशी सांगून टाकावे.

दोन-तीन आठवडे काहीच चालत नसेल, तर एकाच वेळी तीन गोष्टी बदलण्याचा मोह आवरावा. गटात जी अभिक्रिया खात्रीने चालते ती आपल्या हातांनी, आपल्या अभिकर्मकांनी करून पाहावी. ती चालली तर दोष नव्या संयुगात आहे. तीही चालली नाही, तर विद्रावक ओला आहे, उत्प्रेरक जुना आहे, की हात चुकतो आहे, हे शोधण्याचे क्षेत्र एकदम लहान होते.

काम मांडणे आणि श्रेय

पोस्टर करताना विद्यार्थी लेख मोठ्या अक्षरांत छापतात. पोस्टरसमोर उभा राहणारा माणूस दोन मिनिटे थांबतो. त्याला एक प्रश्न, दोन किंवा तीन आकृत्या आणि एक उत्तर दिसावे, बाकीचे तोंडी सांगावे. आकृतीवर अक्षांची नावे, एकके आणि त्रुटिरेषा नसतील, तर जाणकार पहिला प्रश्न त्याविषयीच विचारतो.

शोधनिबंधाच्या लेखकांत आपले नाव येईल का, हा विषय विद्यार्थी संकोचाने टाळतात आणि मग मनात कटुता राहते. काम आकार घेऊ लागले की मार्गदर्शकाला सरळ विचारावे, की या प्रकल्पात कोणत्या योगदानाला लेखकत्व आणि कोणत्याला आभार असे आपण धरता. अनेक नियतकालिके आता क्रेडिट नावाच्या चौकटीनुसार चौदा प्रकारच्या योगदानांपैकी कोणाचे कोणते, हे लिहून मागतात. ती यादी समोर ठेवून बोलणे केले तर ते व्यक्तिगत वाटत नाही. निबंध एका उन्हाळ्यात होत नाही, पदवीनंतर दोन वर्षांनीही तो प्रसिद्ध होऊ शकतो, म्हणून कायम टिकणारा संपर्काचा पत्ता गटाकडे देऊन ठेवावा.

बाहेर पडताना

शेवटचे दोन आठवडे नव्या प्रयोगांसाठी ठेवू नयेत. मी स्वतः पहिल्या कॉलमच्या चौदा नळ्यांवर फक्त १ ते १४ असे आकडे टाकले होते; दोन दिवसांनी दुसऱ्या कॉलमच्या १ ते १४ त्यांच्या शेजारी येऊन बसल्या आणि दोन्ही संच टाकून द्यावे लागले. तेव्हापासून प्रत्येक नळीवर आपली आद्याक्षरे, वहीचा क्रमांक, पान आणि तारीख लिहिण्याची सवय लागली. उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये साधे चिकटपट्टीचे लेबल गळून पडते आणि मार्करची शाई इथेनॉल किंवा ॲसिटोनच्या एका पुसण्याने जाते, त्यामुळे शीतकामासाठी बनवलेलीच लेबले वापरावीत. जाण्यापूर्वी प्रत्येक संयुगाचे उरलेले वजन, त्याच्या एनएमआर फाइलचे नाव, प्लास्मिड कोणत्या खोक्याच्या कोणत्या खणात आहे आणि त्याचा अनुक्रम तपासला आहे की नाही, अशी एक तक्ता-यादी करावी. वापरात नसलेली द्रावणे टाकाऊ बाटल्यांत योग्य त्या नोंदीसह रिकामी करावीत, कच्ची माहिती गटाच्या संगणकावर ठेवावी, आणि रोज शिकवणाऱ्या व्यक्तीला सोबत घेऊन फ्रीजरमधील खोके एकदा प्रत्यक्ष उघडून, यादीतील प्रत्येक ओळीसमोरची नळी तिच्या हातात ठेवून दाखवावी.